अनुभव धागा : वाचनालयातल्या व्याख्यानातून तुम्ही घरी काय आणलंत?

दुपारचा चहा

कपाट आवरताना एक घडी घातलेला कागद सापडला. वाचनालयातल्या कुठल्याशा व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका. मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याच अक्षरात : "गुलाब – ऑक्टोबर – तिरका काप – डोळ्याच्या वर पाव इंच – डोळा बाहेरच्या बाजूचा." वक्ते कोण होते ते आठवत नाही. चहा पाणचट होता एवढं मात्र पक्कं आठवतं. पण दर ऑक्टोबरला माझा गुलाब डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, वर त्या पाव इंचावरच छाटला जातो.

आपल्याकडे वाचनालयांची आणि व्याख्यानांची ही चाल जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायच्या पंचवीस वर्षं आधीचं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं 1875 साली सुरू झाली. या मोठ्या नावांच्या मागे गल्लीबोळातली शेकडो लहान वाचनालयं आहेत. संध्याकाळी सहाला तिथे वर्तमानपत्रांची टेबलं भिंतीला सरकवतात, सतरंजी अंथरतात आणि कुणीतरी माईकवर दोनदा फुंकर मारतं.

तर मंडळी, लिहा. वक्ता किती थोर होता ते नको, तुम्ही घरी काय आणलंत तेवढं सांगा. तक्रार असेल तर वाचनालयाचं नाव घेऊ नका, आपल्याला तिथे परत जायचंय.

बाल्कनीतला शेतकरी

मी घरी वास आणला.

आमच्या उपनगरातल्या वाचनालयात कुंडीतल्या भाजीपाल्यावर व्याख्यान होतं. वक्ते खरेखुरे शेतकरी. त्यांनी जीवामृताचं, म्हणजे झाडांना घालायच्या आंबवलेल्या पातळ खताचं, प्रमाण सांगितलं : 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. माझ्याकडे 10 लिटरची बादली, म्हणून सगळ्याला 20 नं भागलं. शेण अर्धा किलो, गोमूत्र अर्धा लिटर, गूळ नि बेसन शंभर-शंभर ग्रॅम. भागाकार बरोबर होता हे इथे नमूद करून ठेवतो, कारण घरात त्यावर अजून शंका घेतली जाते.

चूक दुसरीच झाली. मिश्रण सावलीत ठेवायचं, दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं आणि दोन दिवसांनी दहापट पाणी घालून वापरायला घ्यायचं, असं ते म्हणाले होते. मी बादलीला घट्ट झाकण लावलं आणि मेव्हणीच्या लग्नाला नागपूरला गेलो. नऊ दिवस. परत आलो तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी ड्रेनेजवाल्याला घेऊन आमच्याच मजल्यावर उभे होते. दोघांनी चेंबर उघडून पाहिलं होतं. चेंबर बिचारं स्वच्छ होतं.

ग्रंथपालांकडून नंबर घेऊन त्या शेतकरीदादांना फोन केला. ते आधी पोटभर हसले आणि मग म्हणाले, "अहो, जिवंत वस्तू आहे ती. तोंड दाबल्यावर दुसरं काय करणार?" आता झाकणाऐवजी गोणपाट टाकतो. मिरच्या भरपूर येतात. जीवामृतामुळे येतात की या निमित्तानं मी रोज पाणी घालायला लागलो म्हणून येतात, ते मिरच्यांनाच माहीत.

कृष्णाकाठ

माझा अनुभव जरा वेगळा आहे.

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, हे गावात करायचं नाही असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हे पेपरात सगळ्यांनी वाचलं. आमच्या गावच्या वाचनालयात त्यावर एका बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. मी आईला घेऊन गेले. बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आई नेहमीप्रमाणे मागच्या ओळीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. हळदीकुंकवाला, बारशाला, सगळीकडे तिनं हीच जागा धरलेली. बाई तासभर बोलल्या. आवाज चढवला नाही, कुणाला दोष दिला नाही. म्हणाल्या, ठराव कागदावर झाला, आता तो शेजारणीच्या ताटापर्यंत पोचायला हवा. मग वाचनालयाच्या दोन मुली करंडे घेऊन रांगेनं निघाल्या, कुणालाही न वगळता. मला वाटलं, आता आई उठून चप्पल शोधायला लागणार.

ती उठली नाही. मुलगी कपाळाकडे बोट नेत होती, तेवढ्यात आईनं तळहात पुढे केला आणि म्हणाली, "इथं दे." चिमूटभर कुंकू तळहातावर घेतलं, कार्यक्रमपत्रिकेचा कोपरा फाडून त्यात बांधलं आणि पुडी कमरेला खोचली.

घरी आल्यावर ती पुडी देव्हाऱ्यात ठेवली. अजून तिथेच आहे. लावलं का, असं मी विचारलं नाही. मात्र पुढच्या संक्रांतीला शेजारच्या काकूंकडे ती माझ्याबरोबर आली, आणि काकूंनी आत, कॉटवर बसवलं.

मागची खुर्ची

प्रश्नोत्तरांत उठून "माझा प्रश्न नाही, दोन शब्द सांगायचे आहेत" म्हणणाऱ्या गृहस्थांवर एखादं व्याख्यान ठेवा. मी येईन. वर्गणीही देईन.

कुडाळकर

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याजवळच्या वाचनालयात चित्रकथीचा, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगण्याचा, कार्यक्रम होता. पिंगुळी आमच्या तालुक्यातलं गाव, पण तोवर मी तिथली चित्रं कधी बघितली नव्हती. तिथल्या ठाकर समाजानं ही कला जपली. 2021 साली पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला गावाचं नाव कळलं.

वाचनालयात आलेल्या काकांनी कापडात गुंडाळलेली पोथी सोडली. पोथी म्हटल्यावर मी अक्षरं शोधत होतो. आत नुसती चित्रं, सुटी पानं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक पान पायाशी टेकवून उभं करायचं, वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं छोटं चर्मवाद्य यांच्या साथीनं रामायणातला तो प्रसंग गाऊन सांगायचा आणि मग पान उलटायचं. राक्षसांचे डोळे एवढे मोठे, की पान उलटल्यावरही ते आपल्याकडे बघतायत असं वाटायचं. मग त्यांनी एक पान हातात दिलं आणि कडेला धरायला सांगितलं, रंगाला बोट नको. इतकं जुनं काही कुणी माझ्या हातात पहिल्यांदाच देत होतं.

आजी शेजारीच होती. मी भारावून बघतोय आणि ती शांतपणे म्हणते, "ह्यां तर आमी देवळात बघलेलां." तिच्या लेखी त्यात व्याख्यान देण्यासारखं काही नव्हतं.

आज मी छपाईच्या धंद्यात आहे. पान उचलताना अजून कडेलाच धरतो.

शिक्का आणि पॅड

मी ग्रंथपाल आहे, म्हणून टेबलाच्या अलीकडून लिहिते. आमचं वाचनालय 'ड' वर्गात आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी : महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. 'ड' म्हणजे शेवटून पहिलं.

तुम्हाला व्याख्यान फुकट असतं, आम्हाला नसतं. वक्त्याला मानधन द्यायला पैसे नसतात, म्हणून श्रीफळ, एक पुस्तक आणि एस्टीचं भाडं. खुर्च्या शेजारच्या मंगल कार्यालयातून, त्यामुळे लग्नाच्या मुहूर्ताला व्याख्यान ठेवता येत नाही. भारताचा सामना असेल त्या दिवशीही नाही. एकदा त्या दिवशी सामना आहे का ते बघायला मी विसरले. कागदपत्रांच्या संवर्धनावर बोलायला एक बाई दीडशे किलोमीटरवरून आल्या आणि समोर अकरा माणसं, त्यांतली तीन आमचीच. शिपाईकाका पंखा बंद करायच्या निमित्तानं येऊन बसले, म्हणून बारा.

बाईंनी पूर्ण व्याख्यान दिलं. पुस्तकं खाणारी कसर कशी ओळखायची, जुनी पुस्तकं उन्हात का घालायची नाहीत, फाटलेल्या पानाला सेलोटेप का लावायची नाही, सगळं. शेवटचं ऐकून मी खाली मान घातली, कारण आमच्या अर्ध्या कादंबऱ्या सेलोटेपवरच उभ्या होत्या. पुढच्या सोमवारी शिपाईकाका जपानी टिश्यू, म्हणजे फाटलेलं पान जोडायचा पातळ कागद, कुठे मिळतो विचारत आले. आता पुस्तकं तेच दुरुस्त करतात, आणि मला हात लावू देत नाहीत.

सातासमुद्रापार, ओहायो

इथल्या गावच्या लायब्ररीत 'मास्टर गार्डनर' लोक येऊन फुकट बोलतात. विद्यापीठाकडून प्रशिक्षण घ्यायचं आणि बदल्यात लोकांना मोफत शिकवायचं, अशी ही योजना वॉशिंग्टन राज्यात 1970 च्या दशकात सुरू झाली आणि देशभर पसरली. हार नाही, तुरा नाही, अध्यक्षीय समारोप नाही. एका तासात माणसं घरी. पहिल्यांदा मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

व्याख्यान टोमॅटोवर होतं. मी कढीपत्ता विचारला. फ्लोरिडातल्या मैत्रिणीकडून रोप आणायचं माझ्या मनात होतं. व्याख्यान देणाऱ्या आजी ताडकन म्हणाल्या, "आणू नका." कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. त्याच्यावर एक बारीक कीड राहते, ती संत्र्याच्या बागांमध्ये रोग पसरवते, म्हणून तिकडून रोप बाहेर न्यायला बंदी आहे. आमच्या वाड्यात मागच्या दारी आपोआप उगवणाऱ्या झाडाला असा सरकारी पहारा असेल, हे मला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं. शेवटी रीतसर नर्सरीतून रोप घेतलं. थंडीत पानं गाळतं, मी घाबरून जाऊन पाणी ओतत बसत नाही, आणि मे महिन्यात ते परत फुटतं.

लायब्ररीत कार्डांचं जुनं लाकडी कपाट आहे, त्याच्या खणांत आता बियांची पाकिटं ठेवलेली असतात. 'एम'च्या खणात मेथी आहे. मी ठेवलेली.

नवी कुंडी

बाल्कनीतला शेतकरी, पुण्यात ताजं शेण कुठे मिळेल? आणि घरात कुणी ओरडू नये म्हणून काय करता?

बाल्कनीतला शेतकरी

गोठा शोधा, सकाळी लवकर जा, स्वतःचा डबा न्या. तो डबा नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका. ओरडण्यावर उपाय सापडला तर मलाही कळवा. आणि झाकण नाही हं. गोणपाट.