प्रतिसाद: चिठ्ठ्या काढून मेथ सुटतं?

वर कुणीतरी विचारलंय, अमेरिकेत माजी सैनिकांना कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटामाइन) सोडल्याबद्दल बक्षिसं देतात, ही लाचच नाही का? मुळात अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन हे औषध आहे, तसं कोकेन-मेथसारख्या उत्तेजकांच्या व्यसनावर एकही मान्यताप्राप्त औषध नाही. म्हणून तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी 2011पासून ही पद्धत आणली.

12 आठवडे, आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी. दोनदाच का, तर कोकेन-मेथचा अंश साधारण दोन ते चार दिवस सापडतो. मधे जास्त अंतर पडलं की पळवाट मिळते. नमुना स्वच्छ निघाला की बरणीतून बक्षिसाची एक चिठ्ठी, पुढच्या वेळी दोन, असं चढत आठपर्यंत. 500 चिठ्ठ्यांतल्या निम्म्यांवर नुसतं 'शाब्बास', बाकी बहुतेक एका डॉलरच्या, थोड्या वीसच्या. तपासणी चुकली किंवा नमुना दूषित निघाला की पुन्हा एकपासून. या घसरणीचा धाकही उपयोगी पडतो.

फसतं कुठे? निकाल प्रयोगशाळेतून दोन दिवसांनी आला तर. तिथल्या तिथे पट्टीवर निकाल आणि लगेच चिठ्ठी, हे हवंच. ब्युप्रोपिऑन (नैराश्यावरचं औषध) घेणाऱ्याची अ‍ॅम्फेटामाइन चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून औषधांची यादी आधी बघा.

हीच पद्धत अग्निशमन आणि रुग्णवाहिकेवाल्यांसाठी वापरायची तर त्यांचं दुखणं रात्रपाळी. वार ठरवताना ड्युटीचं वेळापत्रक समोर ठेवा, नाहीतर गैरहजेरीतच माणूस गळतो. आणि नॅलोक्सोनचा (अफूजन्य पदार्थांचा अतिडोस उतरवणाऱ्या औषधाचा) स्प्रे घरी द्याच. अमेरिकेतल्या कोकेन-मेथमध्ये फेंटानिल (अफूसारखंच, पण फार तीव्र औषध) मिसळलेलं सापडतं.