चुंबक लावला काय, न लावला काय, औषध तेवढंच सुटतंय

इवलीशी_गोळी:
एम.फार्म.चं शेवटचं वर्ष. सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातला, कॅल्शियमने घट्ट होणारा पदार्थ) मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोह ऑक्साइड) आणि डायक्लोफिनॅक सोडियम (वेदनाशामक) घालून, लिक्विड पॅराफिनमध्ये इमल्शन करून कॅल्शियम क्लोराइडने मायक्रोकॅप्सुल्स केल्यात. मॅग्नेटाइट घरचंच: फेरस-फेरिक १:२, वर अमोनिया. काळंभोर आलंय. बाटलीला चुंबक लावला की सगळं एका बाजूला जमतं. चुंबकाने औषध जास्त सुटावं, हा बेत. पण रिलीज स्टडीत, म्हणजे औषध किती सुटतंय ते मोजताना (७.४ पीएचचं फॉस्फेट बफर, ३७ अंश, मॅग्नेटिक स्टरर) एका बीकरला निओडिमियमचा चुंबक चिकटवला, दुसरा तसाच ठेवला, तर दोन्ही आलेख एकावर एक. सर म्हणतात, मोठा चुंबक घे. घेऊ का?

खलबत्ता:
पैसे वाचव.

आधी बीकरखाली बघ. स्टररच्या पोटातही चुंबकच फिरतोय! तुझा 'बिनचुंबकाचा' बीकर सतत फिरत्या क्षेत्रात आहे. तो पांढरा बार बाहेर काढ, कॅप्सुल्स त्यालाच चिकटून भरडल्या जात असणार. शेकिंग वॉटर बाथवर कर.

दुसरं, बफर. अल्जिनेटची सगळी बांधणी कॅल्शियमवर, आणि फॉस्फेट तेच ओढून घेतं. भिंत आपसूक फुगून विरतेय, मग चुंबकाला करायला उरलं काय? ट्रिस बफर घे, त्यात थोडं कॅल्शियम ठेव.

खरं दुखणं वेगळंच. स्थिर चुंबक कॅप्सूल ओढतो, उघडत नाही. गाडी दोरीने ओढली म्हणून तिचं दार उघडतं का? उघडायला बदलतं क्षेत्र लागतं. १९८१ साली लँगर, फोकमन या संशोधक मंडळींनी पॉलिमरमध्ये अल्ब्युमिन (मोठ्या रेणूचं प्रथिन) आणि चुंबकीय पोलादाचे मणी बसवून हेलकावणारं क्षेत्र लावलं, तेव्हा रिलीज वाढला. दुसरी वाट बदलत्या क्षेत्राचीच, पण शेकडो किलोहर्ट्‌झची, तिथे मॅग्नेटाइट तापतं. पण त्यासाठी भिंत उष्णतेला दाद देणारी हवी, अल्जिनेट ढिम्म हलत नाही.

शिवाय डायक्लोफिनॅकचा रेणू एवढासा, जाळीतून तसाही निसटतो. अल्ब्युमिन भर, वरून कायटोसनचा (अल्जिनेटला घट्ट धरणारा पॉलिमर) थर दे.

रिटायर्ड_फार्माकोलॉजी:
व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारणार, हे देणार कुठून? शिरेतून म्हणू नकोस. केशवाहिनी ५ ते १० मायक्रॉनची, तुझी कॅप्सूल फुप्फुसातच अडकेल. १९९६ च्या बर्लिनच्या चाचणीत एपिरुबिसिन (कॅन्सरचं औषध) जोडलेले चुंबकीय कण १४ रुग्णांना दिले होते, तेही नॅनो आकाराचे, आणि साधारण निम्म्यांमध्येच ते गाठीपर्यंत पोचले. अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने ओसरते. 'सांध्यात इंजेक्शन' म्हण, निदान बाजू मांडता येईल.

इवलीशी_गोळी:
बदलतं क्षेत्र आणू कुठून? आमच्याकडे कॉइल नाही. फिजिक्सवाले हेल्महोल्ट्‌झ कॉइल (दोन समांतर वेटोळी) देतील बहुतेक.

खलबत्ता:
हेल्महोल्ट्‌झ नको. तिच्यात क्षेत्र सगळीकडे सारखं, ओढ जवळपास शून्य. छोटी डीसी मोटर घे, चकतीच्या कडेला तुझाच चुंबक बसव आणि तो बीकरजवळून फिरता ठेव. कॅप्सुल्स नायलॉनच्या जाळीत बांध, नाहीतर त्या नुसत्या चुंबकामागे धावतील. कंट्रोलला तीच मोटर, तोच वेग, फक्त चुंबकाच्या जागी तेवढ्याच वजनाचा पितळी तुकडा, म्हणजे थरथर दोन्हीकडे सारखी.

आणि यूव्हीला (प्रकाश किती शोषला त्यावरून औषध मोजणाऱ्या यंत्राला) लावण्याआधी सॅम्पल गाळून घे. सुटलेले मॅग्नेटाइटचे कणही प्रकाश शोषतात, उगाच रिलीज जास्त दिसतो. औषध न घातलेल्या कॅप्सुल्सचा ब्लँक चालवलास का? आलेखात दिसत नाही म्हणून विचारतोय.