एचडी वाहिनीवरचा चित्रपट डीव्हीडीपेक्षा खरोखरच चांगला दिसतो का?

शहापूरकर, बेळगाव

घरी ४३ इंची टीव्ही आल्यापासून आमच्याकडे या प्रश्नावर दोन मते पडली आहेत. जाणकारांनी नीट उलगडून सांगावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. वडिलांनी गणपत गल्लीतील दुकानांतून आणि कोल्हापूरला जाणे होई तेव्हा तिथून मराठी व हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी जमवल्या, त्यांचे एक कपाट भरले आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की आता सेट-टॉप बॉक्स एचडी आहे, मराठी चित्रपटांची एचडी वाहिनीही घेतली आहे, तेव्हा तेच चित्रपट तिथे अधिक स्पष्ट दिसणार आणि कपाट मोकळे करायला हरकत नाही. वडिलांना मात्र काही चित्रपट डीव्हीडीवरच चांगले वाटतात, आणि हे केवळ जिव्हाळ्यापोटी नसावे. परवा एक जुना कृष्णधवल चित्रपट वाहिनीवर लागला, तेव्हा पात्रांची कपाळे वरून कापली गेलेली मलाही स्पष्ट दिसली. उलट अलीकडच्या एका चित्रपटाचे वाहिनीवरचे चित्र इतके रेखीव होते, की त्याचीच डीव्हीडी लावल्यावर ती धुरकट वाटली.

मग नियम काय समजावा? एचडी म्हटले की ते डीव्हीडीपेक्षा सरस, असे सरसकट मानता येते का? आणि जे चित्रपट वाहिनीवर वरचेवर लागतात, त्यांच्या डीव्हीडी ठेवण्यात काही अर्थ आहे का?

टीव्ही दुरुस्ती, टिळकवाडी

आपल्या वडिलांचे आणि भावाचे, दोघांचेही निरीक्षण बरोबर आहे. फरक चित्रपटागणिक पडतो. आधी आकडे सांगतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचे बोलणे अधांतरी राहील. आपल्याकडील पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे (पिक्सेलचे) असते, म्हणजे एकूण ४,१४,७२० बिंदू. एनटीएससी या अमेरिकी पद्धतीत काढलेल्या भारतीय डीव्हीडीही बाजारात होत्या, त्यांत बिंदूंच्या आडव्या ओळी ५७६ ऐवजी ४८० च असतात. एचडी वाहिनीचे पूर्ण चित्र १९२० × १०८० चे, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचे, पाल डीव्हीडीच्या बरोबर पाचपट. मूळ फिल्मवरून चांगले स्कॅनिंग झाले असेल आणि वाहिनीने तीच प्रत दाखवली, तर डीव्हीडी त्या स्पष्टतेच्या जवळपासही पोहोचू शकत नाही. आपल्याला दिसलेला फरक तोच.

परंतु बिंदूंची संख्या ही फक्त चौकट झाली. त्या चौकटीत किती तपशील आहे, हे वाहिनीच्या हाती कोणती प्रत आहे यावर ठरते. पूर्वी अनेक चित्रपट फिल्मवरून साध्या, एचडी नसलेल्या व्हिडिओ टेपवर उतरवले गेले आणि पुढे वर्षानुवर्षे तीच टेप दूरचित्रवाणीसाठीही वापरली गेली आणि डीव्हीडीसाठीही. ती टेप एचडी वाहिनीवरून दाखवायची झाली, तर यंत्राने ५७६ ओळी ताणून १०८० केल्या जातात; मुळात नसलेला तपशील त्यातून निर्माण होत नाही. हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील वाहिनीचे बोधचिन्ह आणि चित्रपटाची श्रेयनामावली यांच्या कडा एकाच वेळी पाहाव्यात. बोधचिन्हाची कड धारदार आणि नावांची कड मऊ, पसरट दिसली, तर ती प्रत बहुधा ताणलेली आहे. केसांच्या बटा आणि साडीच्या काठाची नक्षी यांवरूनही ते कळते.

दुसरी बाब चित्राची माहिती दाबून (कॉम्प्रेस करून) कमी जागेत बसवण्याची. डीव्हीडीत एमपीईजी-२ पद्धत वापरतात आणि तिच्यातील चित्राच्या माहितीचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट असू शकतो. एचडी वाहिन्या सहसा एच.२६४ ही नवी पद्धत वापरतात, तिला तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मी जागा पुरते. मात्र उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे लहरी पृथ्वीकडे परत पाठवणाऱ्या यंत्रावर, अनेक वाहिन्या एकत्र असतात आणि उपलब्ध जागा क्षणोक्षणी त्यांच्यात वाटली जाते. शेजारच्या वाहिनीवर क्रिकेटचा सामना असेल, तर चित्रपटाच्या वाट्याला कमी जागा येऊ शकते. शांत संवादाच्या प्रसंगात ते जाणवत नाही. पण गुलाल उधळला जातो, पाऊस पडतो, जत्रेतील गर्दी हलते, तेव्हा चित्रात चौकोनी ठिपके उमटू लागतात.

डीव्हीडीतही हेच पाहावे लागते. अडीच तासांचा एकच चित्रपट ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या तबकडीवर असेल, तर आवाज धरून सेकंदाला सुमारे साडेसात मेगाबिट मिळतात. तशाच तबकडीवर तीन चित्रपट कोंबले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अडीच मेगाबिट येतात, आणि ते एमपीईजी-२ ला फारच अपुरे आहेत. ‘तीन चित्रपट एकत्र’ अशा तबकड्या कपाटातून आधी वेगळ्या काढाव्यात. त्यांच्यापेक्षा वाहिनी जवळपास नेहमीच उजवी ठरेल.

निपाणीची प्रेक्षक

वरील प्रतिसाद तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. कपाळे कापली जाण्याचा मुद्दा मात्र त्यात राहिला, आणि माझ्या मते चित्रपटावर प्रेम करणाऱ्यांसाठी तोच सर्वांत मोठा आहे.

‘प्रभात’च्या काळातील बोलपट, उदाहरणार्थ १९३६ चा ‘संत तुकाराम’, जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झाले आहेत. आजचा टीव्ही रुंद, १६:९ चा. असा चित्रपट त्यावर प्रामाणिकपणे दाखवायचा, तर डावी-उजवीकडे काळे पट्टे सोडावे लागतात. प्रेक्षकाला ते पट्टे खटकतील या भीतीने चित्र मोठे करून संपूर्ण पडदा भरला, तर उंचीचा एक चतुर्थांश भाग जातो. वरून कपाळ, खालून टाळ-चिपळ्या धरलेले हात. काही वेळा कापण्याऐवजी चित्र आडवे ताणले जाते आणि सडपातळ माणसे स्थूल दिसू लागतात. कॅमेरामनने विचारपूर्वक बांधलेली चौकट अशी मोडणे मला कलाकृतीवरचा अन्याय वाटतो, मग त्यात बिंदू कितीही का असेनात. डीव्हीडीत हे जुने चित्रपट बहुधा मूळ चौकटीतच मिळतात.

सिनेमास्कोपच्या बाबतीत नुकसान उलट्या दिशेने होते. २.३५:१ एवढ्या रुंद चित्राने १६:९ चा पडदा भरला, की रुंदीचा जवळजवळ चौथा हिस्सा गळतो आणि समोरासमोर बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचा अर्धा चेहराच शिल्लक राहतो. इथे डीव्हीडीही नेहमी निर्दोष नसते. तबकडी १६:९ साठी बनवली असेल, तर असे चित्र साधारण ४३५ ओळींत बसते; पण जुन्या ४:३ टीव्हीसाठी वर-खाली काळे पट्टे चित्रातच मिसळून बनवली असेल, तर चित्राला सुमारे ३२५ ओळीच मिळतात आणि मोठ्या पडद्यावर ते फारच पुसट दिसते. वेष्टनावर ‘अ‍ॅनामॉर्फिक’ किंवा ‘१६:९’ छापले आहे का, ते पाहून घ्यावे.

आणखी एक. आपल्याकडे दूरचित्रवाणीवर ‘यू’ आणि ‘यू/ए’ प्रमाणपत्राचेच चित्रपट दाखवता येतात. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला कात्री लावून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याशिवाय वेळेत बसवण्यासाठी एखादे कडवे, एखादा प्रसंग गाळला जातो तो वेगळाच. शहापूरकर, तुमच्या वडिलांना एखाद्या चित्रपटात काहीतरी हरवल्यासारखे वाटत असेल, तर तसा प्रसंग खरोखरच गाळलेला असू शकतो.

येळ्ळूरचा वाचक

सीमाभागातील घरांसाठी एक व्यावहारिक सूचना. २०१९ च्या फेब्रुवारीपासून वाहिन्या सुट्या निवडता येतात, परंतु कर्नाटकातील तयार संचांत कन्नड वाहिन्या असतात आणि मराठी वाहिन्या बहुतेकांना वेगळ्या जोडाव्या लागतात. जोडताना साधी आणि एचडी यांचे क्रमांक व दर वेगवेगळे असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, आणि वाहिनी मात्र साधी, अशी घरे मी आमच्या गावात पाहिली आहेत. तिथे तुलना डीव्हीडीची आणि साध्याच वाहिनीची होत असते.

पावसाविषयीही लिहावेसे वाटते, कारण आमच्याकडे जून ते सप्टेंबर डिशची छत्री नीट चालेल याची खात्री नसते आणि खानापूरच्या बाजूला तर त्याहून कमी. मुसळधार पावसात चित्र अडते, ही तक्रार खरी आहे. पण त्यामुळे एरवीही चित्राचा दर्जा कमी असतो, असे जे म्हटले जाते, ते कितपत खरे आहे?

शहापूरकर, बेळगाव

सर्वांचे मनापासून आभार. आमची मराठी वाहिनी एचडीच आहे, क्रमांक तपासून पाहिला. डीव्हीडी प्लेअर जुना असून पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी जोडला आहे. सोफ्यापासून टीव्ही साधारण ९ फुटांवर आहे. याने काही फरक पडतो का?

टीव्ही दुरुस्ती, टिळकवाडी

पुष्कळ पडतो. पिवळ्या वायरीतून प्रकाश आणि रंग एकत्र मिसळून जातात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. त्यामुळे लाल रंग कडेबाहेर पसरतो आणि बारीक रेघांच्या कापडावर रंगीत लाटा दिसतात. आपली डीव्हीडी धुरकट दिसली, त्यात तबकडीइतकाच या वायरीचा वाटा असणार. एचडीएमआय जोडणीचा प्लेअर लावून तीच तबकडी पुन्हा पाहावी. बिंदू वाढणार नाहीत, पण आहेत ते सगळे स्वच्छ पोहोचतील, आणि मगच ही तुलना न्यायाची होईल. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्येही चित्र १०८० वर ठेवलेले आहे ना, हे पाहावे. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असेल, तर तो निवडावा, नाहीतर टीव्ही स्वतःच कडा कापतो. कपाळे कापण्यात त्याचाही हातभार असू शकतो. जुन्या तबकड्यांसाठी प्लेअर १६:९ वर आणि टीव्ही ४:३ चित्र न ताणणाऱ्या पर्यायावर ठेवावा.

अंतराचे गणित असे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्या हिशेबाने ४३ इंची पडद्यावरील ५७६ ओळी साधारण साडेदहा फुटांपर्यंत वेगळ्या कळतात आणि १०८० ओळी साडेपाच फुटांपर्यंतच. आपण ९ फुटांवर बसता, म्हणजे एचडीतील सगळा तपशील आपल्यापर्यंत येतच नाही. डीव्हीडीपेक्षा चित्र किंचित सरस दिसेल, पण पाचपट नव्हे. ३२ इंची टीव्ही याच अंतरावर असता, तर चांगल्या डीव्हीडीत आणि एचडीत स्पष्टतेचा भेद जवळपास दिसलाच नसता. तिथे रंग, चौकट आणि दाबल्याचे ठिपके यांवरच निवड करावी लागली असती. शक्य असेल तर सोफा दीड-दोन फूट पुढे घ्यावा. त्याला काही खर्च नाही.

येळ्ळूरच्या वाचकांच्या शंकेबद्दल: घरातल्या डिशचे प्रक्षेपण ज्या लहरींवर होते, त्या जोराच्या पावसात शोषल्या जातात, म्हणून चित्र अडते. परंतु हे डिजिटल प्रक्षेपण असल्याने लहर क्षीण झाली म्हणून चित्र मऊ किंवा फिके होत नाही. त्रुटी दुरुस्त होत आहेत तोवर ते जसेच्या तसे राहते आणि ती मर्यादा ओलांडली की ठिपके उमटून थांबते. तेव्हा पाऊस नसताना दिसणारा धूसरपणा पावसाच्या किंवा छत्रीच्या माथी मारू नये. डीव्हीडीवरचे ओरखडेही असेच वागतात. चित्र अडकते, पण त्याची स्पष्टता कमी होत नाही.

कपाटाबद्दल विचारलेत म्हणून माझे मत सांगतो. नव्या चित्रपटांच्या डीव्हीडी, ज्यांची चांगली एचडी प्रत वाहिनीवर मूळ चौकटीत लागते, त्या दिल्या तरी चित्राच्या बाबतीत काही गमावणार नाही. जुन्या चित्रपटांना मात्र हात लावू नये. सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्ड केलेले चित्रपट सहसा त्या बॉक्सपुरतेच बांधलेले असतात आणि बॉक्स बदलला की जातात. वाहिनी उद्या कोणती प्रत कशी कापून दाखवील, हेही आपल्या हातात नाही. घरी कोऱ्या तबकडीवर उतरवलेल्या प्रती असतील, तर त्यांची संगणकावर नक्कल आधी करावी. त्यांचा रासायनिक थर छापील तबकडीपेक्षा लवकर खराब होतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर अधिकच.

निपाणीची प्रेक्षक

एक पुरवणी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे जुन्या फिल्म जपलेल्या आहेत आणि त्यांतील काहींचे मूळ फिल्मवरून नव्याने डिजिटल जतन झाले आहे. ३५ मिमी फिल्मच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये १०८० ओळींपेक्षाही अधिक तपशील असतो, त्यामुळे अशी नवी प्रत पूर्ण चौकटीसह वाहिनीवर आली, तर त्या चित्रपटाची कोणतीही डीव्हीडी तिच्यापुढे टिकणार नाही. वडिलांना सांगा, की जुना चित्रपट वाहिनीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवून लागलेला दिसला, तर तो आवर्जून पाहावा आणि जवळ असलेल्या डीव्हीडीशी ताडून बघावा. आणि चित्र कापलेले दिसले, तर वाहिनीला पत्र किंवा ईमेल जरूर लिहावे. मी लिहीत असते. प्रेक्षकांना पट्टे नको असतात, हा समज आपण सांगितल्याशिवाय कसा दूर होणार?