एआरडीएसमध्ये अँटिऑक्सिडंट: द्यावं की नको?

रात्रपाळी:
आयसीयूत काम करतो. फुप्फुसांना सूज येऊन पाणी भरलं (हाच एआरडीएस), पेशंट व्हेंटिलेटरवर गेला, की नातेवाईक विचारतातच, "डॉक्टर, सलाईनमधून व्हिटॅमिन सी का देत नाही?" माझं मत: देऊ नये. व्हिटॅमिन सी हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स शमवणारं; कल्पना सुरेख आहे, मान्य. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फुप्फुसात घुसतात, फ्री रॅडिकल्स सोडतात, वायुकोशांचं नाजूक अस्तर खराब होतं. वर आपण दिलेला जास्तीचा ऑक्सिजन त्यात भर घालतो. पण १९९७ मध्ये एन-ॲसिटिलसिस्टीन हे दुसरं अँटिऑक्सिडंट देऊन पाहिलंय. तांबड्या पेशींतलं ग्लुटाथायोन (शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) वाढलं, मृत्यू होते तेवढेच राहिले.

सरळरेषा:
गाडी १९९७ वरच अडकली का? २०१९ ची सिट्रिस-एएलआय ही ट्रायल घ्या. सेप्सिसमधून (जंतुसंसर्गाने अवयव बिघडण्यातून) एआरडीएस झालेले १६७ पेशंट. किलोमागे ५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, दर सहा तासांनी, चार दिवस. २८ दिवसांत प्लासिबोवर (औषध नसलेल्या नकली डोसवर) ४६.३ टक्के गेले, औषधावर २९.८. एवढा फरक सोडून द्यायचा?

रात्रपाळी:
मुख्य मोजमापांत सोफा स्कोअर (अवयव किती बिघडलेत त्याचे गुण) होता, त्यात दखल घेण्याजोगा फरक नाही. दुय्यम मोजमापं ४६, त्यातली ४३ कोरडी. इतके दगड भिरकावले की एखादी कैरी पडतेच.

सरळरेषा:
सोफा स्कोअर जिवंत माणसाचाच निघतो हो! जे लवकर गेले ते हिशेबातूनच गळले, आणि प्लासिबो गटातले जास्त गळले. मग सरासरी सारखी दिसणारच.

रात्रपाळी:
हा मुद्दा बिनतोड आहे, इथे मी गप्प.

चौकसबाई:
मी डॉक्टर नाही. पण व्हिटॅमिनच ना ते? फायदा नाही झाला तरी तोटा काय?

तिसरी_शिफ्ट:
नर्स आहे, सांगते. एवढ्या डोसवर काही ग्लुकोमीटर व्हिटॅमिन सीलाच साखर समजतात. बोटातून थेंब घेतला, स्ट्रिपवर आकडा चढलेला, इन्सुलिन वाढवलं. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत खरी साखर खाली. पेशंट गुंगीत, त्यामुळे घाम-थरथर सांगणार कोण? शिवाय ऑक्सलेट साचून किडनीला त्रास, तो वेगळाच.

रात्रपाळी:
आणि २०२२ ची लोव्हिट ट्रायल विसरू नका. सेप्सिसचे ८७२ पेशंट, हाच डोस. मृत्यू किंवा अवयव निकामी राहणं: व्हिटॅमिनवर ४४.५ टक्के, प्लासिबोवर ३८.५. उलटंच झालं!

सरळरेषा:
ते सगळे एआरडीएसचे कुठे होते? एआरडीएसपुरती मोठी ट्रायल हवी, एवढंच म्हणतोय.

रात्रपाळी:
काढा ट्रायल, नातेवाईकांची संमती घ्यायला मी स्वतः बसतो. ट्रायलबाहेर मात्र नाही. तीव्र एआरडीएसमध्ये नुसतं पालथं झोपवून मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आलेत, २०१३ मध्ये. चार-पाच जण लागतात, एकाने डोक्याशी उभं राहून नळी धरायची. माणसं कमी म्हणून तेच टाळलं जातं, आणि चर्चा बाटलीची!

सरळरेषा:
पालथं झोपवू नका असं मी कधी म्हटलं?