मदत हवी आहे: मित्राची फाईल वाचून मूल स्वतःचं लेखन कसं सुधारेल?

पुण्यातली मराठी माध्यमाची शाळा, नववी, ४८ मुलं, ३५ मिनिटांची तासिका. प्रत्येकाच्या फायलीत तीन लेख, कच्च्या खर्ड्यांसकट. फायली अदलाबदल केल्या की शेरे यायचे ते ‘छान लिहिलंय’, नाहीतर नुसते ऱ्हस्व-दीर्घ. लाल पेन बंद केलं, नावं झाकली, ‘आवडलेलं एक वाक्य उतरवा, अडलं तिथे एक प्रश्न विचारा’ अशी चिठ्ठी दिली. शेरे सुधारले.

पण खरा फायदा वाचणाऱ्याला व्हायला हवा, तो होत नाही. एका मुलीने ‘पत्र्यावर पाऊस तडतडत होता’ हे वाक्य हौसेने उतरवलं. स्वतःच्या निबंधात मात्र ‘खूप पाऊस पडला’ तसंच ठेवलं.

मोबाइल, झेरॉक्स शक्य नाही. गुणही द्यायचे नाहीत. वाचल्यावर स्वतःचा परिच्छेद त्याच तासाला पुन्हा लिहून घ्यावा की दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा मुलांना नेमकी काय सूचना देता?