मदत हवी आहे: आयरिसचे गड्डे पावसाआधी फोडू की दिवाळीनंतर?

आम्ही बेळगावात, अनगोळला. चार वर्षांपूर्वी पाहुण्यांनी हिमाचलहून बिअर्डेड आयरिस या फुलझाडाचे दोन गड्डे आणून दिले. आता त्यांचा इतका गुंता झालाय की गड्डे एकमेकांवर चढलेत, मधले जुने तर नुसते लाकडासारखे, पानं फक्त कडेला. फूल एकदाच आलं, गेल्या फेब्रुवारीत.

पुस्तकी सल्ला असा की फुलं संपली की सहा-आठ आठवड्यांनी, म्हणजे जुलै-ऑगस्टात, विभागणी करा. थंड देशात ठीक आहे हो, आमच्याकडं तेव्हा आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही! तरी मागच्या जुलैत पाच तुकडे केले. पानं वीतभर ठेवून पंख्यासारखी कापली, कापाला राख लावली, दोन दिवस सावलीत सुकवले, गड्ड्याची पाठ उघडी ठेवून लावले. तीन कुजले. बोटानं दाबलं तर आत पिठलं, आणि वास विचारू नका.

जमीन लाल माती, वाफा वीतभर उंच, ऊन दुपारी दोनपर्यंत. शेणखत घातलं होतं, तेच नडलं की काय अशी शंका आहे. कुंडीत लावा म्हणू नका, जागा नाही. आणि हा पानासारख्या फुलदांड्याच्या शेंड्याला पिल्लू येणारा वॉकिंग आयरिस नव्हे, तो शेजारी मजेत वाढतोय.

आपल्या पट्ट्यात, खानापूर-चंदगडकडं कुणी केलं असेल तर सांगा: मार्च-एप्रिलमध्ये फोडून पावसाआधी मुळं धरू द्यावीत, की ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर? आणि मधले बिनपानांचे गड्डे ठेवले तर त्यांना कोंब येतात का?