हाताने घडवलेले शिल्प भट्टीत का फुटते

चाकाशिवाय हाताने घडवलेले मातीचे शिल्प भट्टीत फुटते, ते आत राहिलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळेच का, या प्रश्नावर थोडी भर घालतो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा बुडबुड्यांचा नसून आत उरलेल्या ओलाव्याचा असतो. 100 अंश सेल्सियसला पाण्याची वाफ होते आणि भिंत जाड असेल तर तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून मी आकृती आतून कोरून भिंत बोटभर जाडीची ठेवतो आणि पोकळीला तळाशी भोक पाडतो.

ठाण्यात जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा असते. गेल्या पावसाळ्यात बसलेल्या म्हशीचे शिल्प तीन आठवडे प्लॅस्टिकखाली वाळत ठेवले होते, तरी गाल टेकवल्यावर तिची पाठ गार लागे, म्हणजे आत ओल होतीच. शिंगे मात्र आधी वाळून आक्रसली आणि सांध्यापाशी केसाएवढी चीर दिसू लागली. असे पातळ भाग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, मिसळला की आकुंचन कमी होते. भट्टी 573 अंशांच्या आसपास सावकाश चढवावी आणि तितक्याच सावकाश उतरू द्यावी, कारण तेथे मातीतल्या एका खनिजाचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे आकारमान एकदम बदलते.

त्या म्हशीच्या पाठीवर माझ्या अंगठ्याचे ठसे भाजून कायमचे राहिले आहेत. तेच आता तिचे कातडे झाले आहे आणि ते घासून काढावे असे मला एकदाही वाटले नाही.